‘टर्मिनल’ म्हणजे काय, दादा?

कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. रोजच्या शब्दांचे अनेक अर्थ, हा माझा आवडता तास. ‘लाइट’ म्हणजे दिवा आणि ‘लाइट’ म्हणजे हलकासुद्धा. ‘चार्ज’ मोबाइलला करतात, बिलात लावतात आणि आरोपीवरही ठेवतात. मुलं हसतात. मग मी घरचं उदाहरण देतो. मराठीत ‘गडी’ म्हणजे नोकर किंवा खेळातला भिडू. कन्नडमध्ये ‘गडि’ म्हणजे सीमा. आपल्या मुलांना ते लगेच पटतं.

पण हा धडा मी स्वतः शिकलो तो गोव्यात, पेडण्याला, मावशीच्या घरी.

५ जानेवारी २०२३ ला मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि माझा मावसभाऊ तिथे टॅक्सी चालवू लागला. ‘टर्मिनल’ हा शब्द दिवसातून दहादा त्याच्या तोंडी. त्याच पावसाळ्यात काका आजारी पडले. इस्पितळातून डिस्चार्ज मिळाला तेव्हा मावशीने देवापुढे साखर ठेवली. डिस्चार्ज म्हणजे माणूस बरा झाला, एवढाच अर्थ तिला ठाऊक. रात्री भावाचा फोन आला, “दादा, कागदावर ‘टर्मिनल’ लिहिलंय. बाबांना विमानानं मुंबईला न्यायला सांगतायत काय?”

वीस वर्षं शब्दार्थ सांगणाऱ्या मला तो अर्थ फोनवर सांगता आला नाही. “उद्या येतो,” एवढंच म्हणालो.

चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली करत जाताना तोच शब्द डोक्यात घोळत होता. लॅटिनमध्ये ‘टर्मिनस’ म्हणजे सीमा. म्हणून गाडी जिथे थांबते ते टर्मिनस, कॉलेजची ठरलेली मुदत ती टर्म, आणि ज्या दुखण्याला आता उतार नाही तेही टर्मिनल.

सोप्यावर बसून भावाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे आम्हाला आपल्या भाषेत कुणीच कसं सांगितलं नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काका पुढे पाच आठवडे होते. भावाने गाडी बंद ठेवली, त्यांच्या उशाशी बसून राहिला. डिचोलीची आत्या येऊन भेटून गेली. अर्थ कळला म्हणून तेवढं तरी झालं.

आता त्या तासाला मी ‘टर्मिनल’ही शिकवतो. मुलांना सांगतो, शब्द ओळखीचा वाटला तरी विचारा. “डॉक्टर, हे मराठीत सांगा, नाहीतर कन्नडमध्ये सांगा,” असं म्हणण्यात कसलाच कमीपणा नाही.