सुसाटचं लग्न

‘मग, सुसाटचं लग्न कधी?’

सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका रोज हा प्रश्न विचारतात. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली. पहिली तीन वर्षं लोक आम्हाला ‘गोड बातमी कधी’ म्हणून विचारायचे. आता सगळं टेन्शन कुत्र्यावर शिफ्ट झालंय, त्यामुळे मी आतून जाम खूश असते. पण परवा प्रकरण गंभीर झालं.

सुसाट म्हणजे आमचा मुधोळ हाऊंड. वय चौदा महिने, रंग भाजक्या शेंगदाण्याचा, पाय संपता संपत नाहीत. त्याला बघून रस्त्यात हमखास कोणीतरी थांबतं आणि म्हणतं, ‘अरेरे, खायला घालत नाही का याला?’ त्याच्या तीन बरगड्या दिसणं हा तब्येतीचा पुरावा आहे, हे समजावण्यात आमचं अर्धं आयुष्य चाललंय. तर परवा टेकडीवर एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडे याच जातीची मादी. ‘पुढच्या आठवड्यात हीटवर येईल. मेटिंग करू. एक पिल्लू तुम्हाला, नाहीतर कॅश घ्या. तुमचं काय जातंय?’

आमचं काय जातंय? नवऱ्याला हा प्रश्न एकदम पटला. मला तो रात्रभर चावत राहिला.

नवऱ्याचं म्हणणं पैशाचं नव्हतं. त्याच्या लहानपणीचा कुत्रा तो नववीत असताना गेला. त्यानंतर घरात कुत्रा आलाच नाही. ‘हे बारा-तेरा वर्षं जगतात गं. हा गेल्यावर याचं काहीतरी घरात राहायला नको?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी तोडगा काढला: लाँग वीकेंड आलाच आहे, तर सुसाटच्या माहेरी जाऊन येऊ. त्याचे आईबाप बघू, मग ठरवू. स्थळ बघायला जातात तसं. फक्त आपलंच!

निघायच्या आधी आमच्या व्हेट मॅडमकडे चक्कर टाकली. त्यांनी दहा मिनिटांत आमचे बरेच फंडे क्लिअर केले. पहिला: नर सहा ते बारा महिन्यांत वयात येतो, पण वयात येणं आणि ब्रीडिंगला तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी. आपल्याकडच्या २०१७ च्या कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या नियमांतही किमान अठरा महिन्यांचं वय सांगितलंय. कमरेच्या सांध्यांचा एक्स-रे तर दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच पक्का मानतात. दुसरा: ‘एकदा मेटिंग झालं की शांत होईल’ हा गैरसमज. उलट काही नर त्यानंतर जास्त बेचैन होतात, घरात कोपरा न कोपरा ओला करतात. तिसरा फंडा ऐकून नवऱ्याचा चेहरा पडला. ब्रुसेला नावाचा जंतू नरात काही लक्षण न दाखवता राहू शकतो, तो मेटिंगमधून पसरतो आणि माणसालाही लागू शकतो. म्हणून दोन्हीकडच्या रक्ताची तपासणी आधी करायची. शिवाय गुप्तांगावर गाठी येणारा, मेटिंगमधूनच पसरणारा एक ट्यूमर आपल्याकडे बराच दिसतो. त्याला केमोची इंजेक्शनं द्यावी लागतात. टेकडीवरच्या गृहस्थांनी यातल्या कशाचाच उल्लेख केला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

शनिवारी पहाटे साडेचारला पुणं सोडलं. मागच्या सीटवर सुसाट, खाली गोधडी, वर माझी जुनी शाल. या जातीच्या अंगावर चरबी नावालाच, त्यामुळे जानेवारीत तो एखाद्या आजोबांसारखा कुडकुडतो. साताऱ्याला चहा, कऱ्हाडला मिसळ आणि दर दोन तासांनी सुसाटसाठी थांबा. सांगली-मिरज गाठेपर्यंत ऊन वर आलं होतं. मिरजेत सतारी बनतात, पुढे अथणीत कोल्हापुरी चपला. म्हणजे रस्ता शॉपिंगचा होता, पण गाडीत कुत्रा असताना शॉपिंग कसलं!

कागवाड मागे टाकलं की पाट्या कानडी होतात, पण माणसं मराठी बोलत राहतात. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकामागे एक दोन ट्रॉल्या, ओव्हरटेक करताना जीव मुठीत. काचा खाली केल्या की गुऱ्हाळाचा गोड धूर आत येतो. जमखंडीत पटवर्धनांचं संस्थान होतं, मुधोळात घोरपड्यांचं. १६४८ साली शहाजीराजांना कैद करणारे बाजी घोरपडे याच मुधोळचे. शाळेत इतिहासाच्या तासाला आपण ज्यांच्यावर दात-ओठ खायचो, त्यांच्या गावात आपण कुत्र्याच्या सोयरिकीसाठी चाललोय, हे जरा गमतीशीरच वाटलं.

घटप्रभेकाठचं मुधोळ तसं साधं तालुक्याचं गाव. कन्नडचा थोर कवी रन्न इथला. पण गावाचं नाव जगभर नेलं ते कुत्र्यानं. इथले शिकारी लोक हे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या पाळत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांचं मोल ओळखलं, निगुतीनं त्यांची पैदास केली आणि ब्रिटनच्या पाचव्या जॉर्ज राजाला पिल्लं भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं या जातीवर तिकीट काढलं. २०१६ मध्ये सैन्यानं पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये मुधोळचं नाव घेतलं. गावाजवळ तिम्मापूरला या जातीवर काम करणारं सरकारी विद्यापीठाचं केंद्रही आहे.

ज्यांच्याकडून सुसाट आणला, त्या अप्पांचं घर गावाबाहेर शेतात. आम्ही उतरायच्या आधीच सुसाटनं नाक काचेला लावलं होतं. अंगणात त्याची आई राणी उन्हात पडली होती. मला वाटलं, आता सिनेमासारखं मीलन होणार. राणीनं एकदा हुंगलं, एकदा गुरगुरली आणि परत झोपली. मोबाइल व्हिडिओ मोडवर धरून उभा असलेला नवरा नुसताच उभा राहिला.

‘जरा पळवून दावा की,’ अप्पा म्हणाले.

ऊस तोडून मोकळं झालेलं रान होतं. पट्टा सोडला. पुण्यात आम्ही सुसाटला टेकडीवर धावताना बघितलंय, पण तिथे माणसं, सायकली, मध्येच कुणाचा पग. इथे समोर काहीच नव्हतं. तो आधी गोंधळला, आमच्याकडे बघितलं आणि सुटला. चारही पाय एकदम हवेत, पाठीची कमान, पुन्हा चारही पाय हवेत. बांधापर्यंत गेला, वळला, आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते उन्हामुळे असं मी नवऱ्याला सांगितलं. तोही गॉगल पुसत होता.

अप्पांनी सुसाटचे दात बघितले, पंजे दाबून बघितले, पोटाखाली हात घालून दोन्ही वृषण उतरलेत याची खात्री केली. ‘एक वर राहिलं असंल तर लावायचा नाही, पिल्लांत उतरतंय,’ म्हणाले. मग मान हलवली. ‘चांगला झालाय.’

नवऱ्याची छाती फुगली. जेवायला बसलो. ज्वारीची पातळ कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, वर घट्ट दही. नवऱ्यानं विषय काढला, ‘अप्पा, एक स्थळ आलंय.’

अप्पा काही बोलले नाहीत. भाकरी संपवली, हात धुतले आणि आम्हाला गोठ्यामागे घेऊन गेले. तिथे एक कुत्रा बांधला होता. सुसाटसारखाच रंग, कपाळावर तोच पांढरा टिळा. सुसाटचा सख्खा भाऊ.

‘दिवाळीपासनं फेफरं येतंय याला. तीनदा आलं. पडतोय, पाय झाडतोय, तोंडाला फेस. मग उठतोय जसं काय झालंच न्हाई. डॉक्टरची गोळी चालू हाय.’ जरा थांबून म्हणाले, ‘राणीला आता त्या नराकडं न्यायची न्हाई असं ठरवलंय मी. तुमास्नी फोन करायचा होता. केला न्हाई. काय सांगायचं, असं झालं.’

अप्पा पिल्लं विकून चार पैसे कमावतात. त्यांनी हे सांगितलं नसतं, तर आम्हाला आयुष्यात कळलं नसतं. आम्ही चहा पिऊन, गूळ घेऊन, खुशीत परत आलो असतो आणि पुढच्या आठवड्यात टेकडीवरच्या गृहस्थांकडे गेलो असतो.

तिथूनच व्हेट मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, घाबरू नका. फिट येण्याची कारणं बरीच असतात, विषबाधा, डिस्टेंपर, डोक्याला मार. भावाला आली म्हणून सुसाटला येईलच असं नाही. पण दुसरं कारण सापडलं नाही, तर ती वंशातून आलेली असू शकते. आणि अशी फिट बहुतेकदा सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिल्यांदा दिसते. स्वतः ठणठणीत असलेला नरही ती पुढच्या पिढीला देऊ शकतो. ‘चौदा महिन्यांचा कुत्रा म्हणजे अजून अर्धाच वाचलेला रिपोर्ट आहे,’ मॅडम म्हणाल्या.

परत अंगणात आलो, तर आणखी एक हाऊंड खांबाला बांधलेला दिसला. पांढरा, देखणा, पण आम्ही जवळ गेलो की मागे सरकणारा. ‘हा कोणाचा?’ मी विचारलं.

‘शहरातनं परत आलाय. रेडिओवर नाव आल्यापासनं फोनवर पिल्लू मागवत्यात. फ्लॅटमध्ये ठेवत्यात. वर्षानं म्हणत्यात, लई पळतो, फर्निचर खातो. पळणारच की! पळायला तर केलाय त्याला.’

एका वेळी सहा-सात पिल्लं धरा. आमच्या ओळखीत रोज दोनदा तासभर चालायला नेणारी माणसं किती? मी बोटं मोजायला लागले. पहिल्या हाताची बोटंसुद्धा संपली नाहीत. ‘एक पिल्लू तुम्हाला’ ठीक आहे, पण बाकीच्या सहांचं काय? त्यातलं एखादं कुठल्यातरी बाल्कनीत बांधलेलं असेल आणि एखाद्याला रात्री दोन वाजता झटके येतील. ते कोणाचं? तिथेही आमचं काहीच जाणार नाही, हे खरंच. जाईल ते त्यांचं.

रात्री मुधोळातच लॉजवर राहिलो. कुत्रा चालेल म्हणणारा लॉज शोधायला तासभर लागला. सुसाट आमच्या दोघांच्या मध्ये आडवा पसरला, बारा पाय असल्यासारखा. नवरा बराच वेळ छताकडे बघत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे याच्यानंतर याचं काहीच राहणार नाही.’

‘कायमचं नाही म्हणत नाहीये मी. दोन वर्षांचा होऊ दे, एक्स-रे, रक्त सगळं करू. भावाचं काय होतंय ते अप्पांना विचारत राहू. तरी शंका राहिली तर नाही करायचं.’

‘आणि नाहीच केलं तर?’

मी म्हटलं, ‘तर हा आहे ना, अजून अकरा वर्षं.’ सुसाटनं झोपेत पाय हलवले. बहुतेक तो अजून त्या रानातच होता.

सकाळी निघताना नवऱ्यानं टेकडीवरच्या गृहस्थांना मेसेज टाकला: सध्या नाही, भावाला फिट येतात. तासाभरानं उत्तर आलं: ‘अहो, पिल्लं घेणाऱ्यांना कुठे कळतंय!’ नवऱ्यानं ते मला वाचून दाखवलं, फोन खिशात टाकला आणि परत काढला नाही.

सोमवारी लिफ्टमध्ये काका भेटले. ‘मग, जमलं का सुसाटचं?’

‘पत्रिका जुळली नाही, काका,’ नवरा म्हणाला. त्याचा आवाज बरा होता. परवा मी त्याला अप्पांशी फोनवर बोलताना ऐकलं. तो त्या पांढऱ्याबद्दल चौकशी करत होता.

कसं जाल?

पुणे-सातारा-कऱ्हाड-सांगली-मिरज-अथणी-जमखंडी-मुधोळ, साधारण पावणेचारशे किलोमीटर. थांबत गेलात तर आठ तास धरा. रेल्वेनं मिरजेपर्यंत जाऊन पुढे बसनंही जाता येतं. हिवाळा उत्तम. उसाच्या हंगामात रात्री गाडी चालवू नका. पिल्लू घ्यायचंच असेल तर स्वतः जाऊन त्याचे आईबाप बघा, त्याच आईबापांच्या आधीच्या पिल्लांची चौकशी करा आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, नियमातही ते बसत नाही. आणि भाकरी खाल्ल्याशिवाय परत येऊ नका.