लूज पुलीचं देणं

चाकूरच्या त्या गिरणीत मोटार एकच होती, दहा अश्वशक्तीची. तिच्यावर ज्वारी-गव्हाची चक्की चालायची, मिरची-हळदीचं कांडप चालायचं, उन्हाळ्यात शेवयांचं मशीन आणि मागच्या पडवीत कडबा कापायचं यंत्र. मी आज पुण्यात शेतीच्या यंत्रांची ड्रॉइंगं करतो. लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात सूत्रं शिकलो, डिप्लोमा मिळाला. पण एका मोटारीवर चार कामं कशी घ्यायची, हे तिथं जायच्या आधीच गिरणीच्या मिस्त्रीमामांनी शिकवलं होतं. मामा नात्याचे नव्हते. दळणाचा डबा घेऊन आलेलं पोर घरी जायचं नाव घेत नाही, एवढीच आमची ओळख.

शर्ट खोचल्याशिवाय पट्ट्यांच्या बाजूला पाऊल टाकायला मनाई होती. बायकांच्या पदरासाठी तर आडवा बांबूच बांधलेला. आत गेलं की भिंतीलगत लांबलचक शाफ्ट. मोटारीचा पट्टा शाफ्टला आणि शाफ्टवरून प्रत्येक यंत्राला आपापला पट्टा. मोटारीचे फेरे मिनिटाला १४४०. तिच्यावर पाच इंची पुली, शाफ्टवर पंधरा इंची. म्हणजे शाफ्टचे झाले ४८०. चक्कीला तेवढेच लागतात, म्हणून तिथं दोन्हीकडं सारखी पुली. कांडपासाठी सहा इंचीवरून चोवीस इंचीवर. मामांनी दारावर खडूनं आकडे मांडले आणि विचारलं, "सांग, किती?" मी म्हणालो, १२०. "आन् जोर?" ते काही मला सांगता येईना. "फेरे चौथाई झाले की पिळायचा जोर चौपट. थोडं पट्टा खातो, तेवढं सोड. फुकट काहीच मिळत नाही, लेकरा."

शाफ्ट-पट्ट्यांचं हे गणित तसं जुनं. मुंबईत ताडदेवला कावसजी दावरांची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. एका वाफेच्या इंजिनाची ताकद शाफ्टनं आणि पट्ट्यांनी साच्यासाच्यापर्यंत न्यायची, ही त्या काळातल्या गिरण्यांची रीतच होती. पुढं विजेच्या मोटारी स्वस्त झाल्या आणि ज्याला त्याला आपली मोटार मिळाली. गावच्या गिरणीला मात्र ते परवडत नव्हतं. चार मोटारी म्हणजे चार स्टार्टर, चौपट वायरिंग, आणि मंजूर भार वाढवून घ्यायला कचेरीचे हेलपाटे. शिवाय शेवया चालणार दोन महिने, उरलेलं वर्ष ती मोटार धूळ खाणार.

एकाच मोटारीवर चार यंत्रं फिरवणं तसं सोपं आहे. अवघड आहे ते तीन चालू ठेवून चौथं थांबवणं. त्यासाठी मामांनी प्रत्येक यंत्राच्या आसावर शेजारी-शेजारी दोन-दोन पुल्या बसवल्या होत्या. एक चावी ठोकून पक्की केलेली, दुसरी नुसतीच ओवलेली, मोकळी फिरणारी. बाभळीच्या दांड्याचा रेटा दिला की पट्टा पक्कीवरून लूजवर सरकायचा. पट्टा फिरतोय, चक्की मात्र गप्प. याचा खरा फायदा भारनियमनानंतर कळायचा. वीज आली की मामा आधी सगळे पट्टे लूजवर आहेत का ते बघायचे, मगच स्टार्टर दाबायचे. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. गावच्या टोकाला व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, त्यात चक्कीचं ओझं असेल तर मोटार नुसती हुंकारत राहते. फेरे भरले की मग एकेक पट्टा पक्कीवर.

पट्टा पुलीवरून उतरत का नाही, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मोटार बंद केली आणि पुलीवर लोखंडी पट्टी आडवी धरली. "वाक, खालून बघ." पट्टी मधोमध टेकलेली, दोन्ही कडांना उजेडाची बारीक फट. पुली पोटात किंचित फुगवटा ठेवून घडवतात. मला वाटलं होतं, फुगवट्यावरून पट्टा घसरेल. होतं उलटं. पट्टा कडेला गेला की उतारावर जरा वाकतो आणि त्याचा येणारा भाग दरवेळी थोडा उंच बाजूला पडतो. असा चढत चढत तो मध्यावर येऊन बसतो.

हिशेबाची दुसरी गोष्ट जरा रोकडी होती. चारही यंत्रं पुऱ्या ओझ्यानं चालली तर दहाच्या मोटारीला झेपणारं नव्हतंच. मामा कांडप आणि चक्की एकदम भरू देत नसत. मिरचीवाली कितीही बडबडली तरी, "मावशी, हा पायलीभर गहू सरू द्या." आज आम्ही अशा ठिकाणी इंटरलॉक टाकतो, म्हणजे एक चालू असताना दुसरं सुरूच होत नाही.

सध्या बचत गटांसाठी एका मोटारीचं यंत्र करतोय. सुलट फिरली की पीठ, उलट फिरली की शेवया. मध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखे एकाच दिशेनं पकडणारे बेरिंग. थ्री-फेजच्या दोन तारा अदलाबदल केल्या की दिशा बदलते. चाकूरला गेलो तेव्हा मामांना ड्रॉइंग दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितलं. कौतुक वगैरे नाही. बोट ठेवलं ते थांबलेल्या बाजूच्या बेरिंगवर. "हे काम करत नसताना घसतं. लूज पुलीचं तसंच. चालत्या पुलीला ग्रीस एक वेळ कमी पडलं तर चालंल, रिकामीला नाही. देतूस कुठून?" ग्रीस भरायचं निपल मी दाखवलं. दुसऱ्या बाजूलाही होतं. "मग ठीक."

खरेदी विभागाला ती दोन निपलं खुपतात. दर वेळी पत्र येतं, बेरिंग सीलबंदच घेऊ, निपलाचा खर्च वाचवू. मी दर वेळी लिहितो, पिठाच्या धुळीत चालायचंय, राहू द्या.