दादाच्या घोरण्याबद्दल

पुणे, रविवार

ती. सौ. वहिनीस,


तुम्ही पाठवलेला व्हिडिओ आवाज मोठा करून पाहिला. दादा उताणा झोपलाय, तोंड उघडं. घोरणं चढत चढत जातं आणि एकदम बंद होतं. त्यापुढचा भाग नीट बघा. आवाज नाही, पण छाती आणि पोट हलतंय. म्हणजे शरीर श्वास ओढायची धडपड करतंय आणि हवा आत जात नाही. मग अंगाला हिसका, घुसमटल्यासारखा मोठा श्वास, कूस बदलणं, की पुन्हा घोरणं सुरू. खाली तुम्ही लिहिलंय, ‘आधी घोरणं थांबलं की बरं वाटायचं, आता थांबलं की जीव घाबरतो.’ वहिनी, तुमचा जीव उगाच घाबरत नाही. हा बहुधा स्लीप ॲप्निया आहे, आणि त्याची खात्री एका रात्रीच्या तपासणीने करता येते.

नाकाच्या मागून स्वरयंत्रापर्यंतची वाट टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ अशा मऊ मांसातून जाते. जागेपणी तिथले स्नायू ती उघडी धरतात, झोपेत ते सैल पडतात. ज्यांची वाट मुळातच अरुंद, त्यांचा घसा श्वास आत ओढताना ओली कागदी स्ट्रॉ चिकटावी तसा मिटतो. श्वास निदान 10 सेकंद अडला की त्याला ॲप्निया म्हणतात. पुष्कळदा तो त्याहून बराच जास्त वेळ अडतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू काही क्षण जागा होतो, घसा उघडतो, पुन्हा झोप लागते. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. म्हणूनच ‘मी आठ तास मस्त झोपलो’ असं दादा छातीठोकपणे सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही. हा आजार ज्याला असतो त्याला तो दिसत नाही. तो दिसतो शेजारी जाग्या असलेल्या माणसाला.

डॉक्टरांनाही तो फार उशिरा दिसला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (1836-37) ‘जो’ नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो कामं करता करता झोपतो आणि घोरतो. त्या पुस्तकाचंच नाव घेऊन 1956 मध्ये बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णाचं वर्णन छापलं. हा बडा अधिकारी दर आठवड्याला मित्रांबरोबर पोकर खेळायचा. एका डावात त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले, आणि तो बसल्या जागी झोपून गेला. तेव्हा कुठे तो इस्पितळात दाखल झाला. डॉक्टरांनी लठ्ठपणा आणि रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड हे कारण धरलं. रुग्ण रात्री झोपल्यावर काय होतं, हे बघायला मात्र कुणी बसलं नव्हतं. ते 1965 मध्ये घडलं. फ्रान्समध्ये मार्सेयला गास्तो आणि त्यांचे सहकारी, जर्मनीत फ्रायबुर्गला युंग आणि कुलो, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे अशा रुग्णांचा श्वास आणि मेंदूचे तरंग रात्रभर एकत्र नोंदवले आणि श्वास पुन्हा पुन्हा तुटताना पाहिला. दिवसाची तपासणी कितीही बारकाईने केली तरी हे हाती लागलं नसतं.

दादाचं तेच चाललंय. त्याचं बीपी दोन गोळ्यांनीही नीट आटोक्यात येत नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो, म्हणून प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली, शुगर झाली, दोन्ही ठीक. सकाळी डोकं जड असतं, तोंड कोरडं पडतं. घरातली सगळी म्हणतात, वय झालं, तापट झाला. या सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि त्या एकत्र कुणी मांडल्याच नाहीत. लघवीचंच घ्या. मिटलेल्या घशातून हवा ओढताना छातीच्या पोकळीतला दाब खूप घटतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात, त्यातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडाला मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं. कारण घशात असतं आणि आपण मूत्राशयात शोधत बसतो.

कोविडपासून घरात पडलेला ऑक्सिमीटर दादाने बोटाला लावला आणि 98 दाखवून तुम्हाला गप्प केलं, असंही तुम्ही लिहिलंय. तो आकडा जागेपणीचा आहे. जागा असताना या माणसांचा ऑक्सिजन बहुधा ठीकच असतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

मला सगळ्यात काळजी गाडीची वाटते. सिग्नलला थांबल्यावर मान खाली जाते, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण खरं तर तेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं. 1 डिसेंबर 2013 रोजी सकाळी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एक लोकल गाडी ताशी 48 किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर सुमारे 132 च्या वेगाने शिरली आणि रुळांवरून उतरली. 4 माणसं गेली, साठाच्या आसपास जखमी झाली. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने कारण दिलं, ते चालकाला लागलेली डुलकी. त्याला तीव्र स्लीप ॲप्निया होता आणि तोवर कुणी ओळखलेला नव्हता. वजन, घोरणं, दिवसाचा थकवा ही सगळी लक्षणं त्याच्यात होती. त्याआधी जवळजवळ सहा वर्षं, फेब्रुवारी 2008 मध्ये, हवाईत होनोलुलूहून हिलोला निघालेल्या विमानाचे दोन्ही वैमानिक झोपले आणि विमान हिलोच्या पुढे निघून गेलं. त्या कॅप्टनलाही नंतर हाच आजार निघाला. तपासणी होईपर्यंत दादाने हायवेवर गाडी चालवू नये. यात भिडेखातर नमतं घेऊ नका.

‘मी कुठे एवढा जाड आहे?’ असं तो म्हणेल. वजन हे मोठं कारण आहे, एकमेव नाही. आपल्याकडे आणि एकूणच आशियात जबडा लहान किंवा मागे असलेल्या माणसांना कमी वजनातही हा आजार होतो. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या पुरुषांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. झोपेत श्वास बिघडण्याचं प्रमाण 19.5 टक्के आणि त्याबरोबर दिवसा झोप येण्याचं 7.5 टक्के निघालं. हे पुरुष झोपेची तक्रार घेऊन आले नव्हते, नेहमीच्या हेल्थ चेकअपला आले होते. संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं आणि आठवडाभर सगळीकडे त्याचीच चर्चा होती. त्यांना इतरही दुखणी होती, त्यामुळे ते उदाहरण देऊन दादाला घाबरवू नका. घाबरलेला माणूस तपासणी टाळतो.

आता तपासणी. आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या अशा डॉक्टरकडे जा, जे स्लीप स्टडी स्वतः वाचतात. ते मानेचा घेर मोजतील, तोंड उघडायला लावून घसा बघतील आणि एपवर्थचा तक्ता भरून घेतील. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये तो प्रसिद्ध केला: वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, प्रत्येकी 0 ते 3 गुण. 10 च्या वर बेरीज गेली तर दिवसाची झोप जास्त समजतात. हा तक्ता दादाला एकट्याला भरू देऊ नका. प्रत्येक ठिकाणी तो शून्य लिहील. बेरीज कमी आली म्हणून आजार नाही, असंही होत नाही.

मग एक रात्र लॅबमध्ये. तिथे अंगभर वायरी बघून त्याला वाटेल, अशात झोप कशी येणार? येते, पुरेशी येते. टेक्निशियन डोक्याची त्वचा नीट पुसून पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवतो, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीखाली, पायाच्या नळीवर. छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला ऑक्सिमीटर, गळ्याशी माइक. हे दोन पट्टेच सगळ्यात महत्त्वाचं सांगतात. हवा थांबलेली आणि पट्टे हलतायत, तर अडथळा घशात. पट्टेही थांबलेत, तर मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम गेला नाही, आणि त्याचे उपचार वेगळे. घरी नेऊन लावायचं छोटं यंत्रही मिळतं. दादासारख्यांना ते बऱ्याचदा पुरतं, पण त्यात मेंदूचे तरंग सहसा नसतात, जागेपणीचा वेळही झोपेत धरला जातो आणि आकडा कमी येऊ शकतो. घरच्या तपासणीत काही निघालं नाही आणि रात्री तुम्हाला श्वास अडलेला दिसतोच आहे, तर लॅबची तपासणी मागून घ्या. हार्ट फेल्युअर, पक्षाघात किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असलेल्यांनी तर थेट लॅबमध्येच करावी. हातातलं घड्याळ फार तर इशारा देतं, त्यावर निदान होत नाही.

रिपोर्टमध्ये एएचआय हा आकडा शोधा. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला, ते त्यात असतं. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 पासून पुढे तीव्र. 30 म्हणजे सात तासांत 210 वेळा. पण त्याच पानावर ऑक्सिजन कितीपर्यंत उतरला, किती वेळ 90 च्या खाली राहिला, उताणं असताना आकडा किती आणि कुशीवर किती, हेही लिहिलेलं असतं. ते डॉक्टरांकडून समजून घ्या.

तीव्र निघाला तर सीपॅप मशीन सांगतील. 1980 पर्यंत अशा रुग्णांना खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्याकडे त्या वर्षी एक रुग्ण आला, त्याने त्या शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालणारा पंखा जोडून नाकातून सौम्य दाबाची हवा सोडली. दाब दिला की घसा उघडा, काढला की बंद. एप्रिल 1981 च्या ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांची हकीकत आली आणि आजचं मशीन त्यातूनच आलं. पहिल्या आठवड्यात मास्क टोचतो, नाक कोरडं पडतं, हवा गळते. मास्कचा आकार बदलून मिळतो, हवेत दमटपणा सोडणारी टाकी असते. पुष्कळ मशीनं या पहिल्या आठवड्यातच कपाटात जातात, तेव्हा विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मिळतं का, ते विचारा. रात्रीचे पेग बंद करायचे आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली झोपेची गोळीही. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो.

डॉक्टरकडे जाताना व्हिडिओ, चालू गोळ्यांची यादी आणि तुम्ही स्वतः, एवढं पाहिजे. दादाला एकट्याला पाठवू नका. ‘थोडं घोरतो’ एवढं सांगून तो परत येईल.

आपला,
धाकटा दीर

ता. क. पत्र बंद करताना तुमच्या मागच्या फोनमधलं एक वाक्य आठवलं: पाळी गेल्यापासून झोप तुटते, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर अंगात त्राण नसतं. तुम्हाला लोह आणि थायरॉइडची तपासणी सांगितली, झोपेबद्दल कुणी विचारलं नाही. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो, आणि त्यांच्यात तो मोठ्या घोरण्यापेक्षा असाच दिसतो: तुटकी झोप, थकवा, उदासपणा. शिवाय बाई घोरते हे आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि तिच्या श्वासावर लक्ष ठेवून रात्री कुणी जागंही राहत नाही. घरातल्या कुणाला तरी सांगा, दोन-चार रात्री तुमच्या खोलीत झोपून बघ. दादाची अपॉइंटमेंट घ्याल तेव्हा त्याच दिवशी तुमचाही नंबर लावा.