डोळे नसलेला मुंबईकर

मुंबईत जोगेश्वरीला एका अंधशाळेच्या आवारात सुमारे ४० फूट खोल विहीर आहे. तिच्यात एक लालसर, वामसारखा लांबुळका मासा सापडला. त्याला डोळे नाहीत, खवले नाहीत, परही नाहीत. तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबादेवीवरून नाव ठेवलं : रक्तामिक्थिस मुंबा.

नवी प्रजाती म्हणजे फक्त फोटो आणि नाव नव्हे. अंगाची मापं घ्यायची, जवळच्या भाईबंदांशी ताडून बघायची, डीएनए तपासायचा आणि एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवायचा.

पण डोळे गेले कुठे? मी कोड लिहितो, म्हणून मला हे असं समजतं : जे फंक्शन कुणी वापरतच नाही, ते मोडलं तरी काही अडत नाही. अंधारात डोळे बिघडवणारा बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो. शिवाय डोळे पोसायला ऊर्जा लागते, ती वाचते. स्लोव्हेनियातल्या गुहेत राहणाऱ्या, १८३२ साली वर्णन झालेल्या आंधळ्या भुंगेऱ्याचंही असंच झालं.

जमिनीखालच्या या पाण्यात डोकावायला आपल्याकडे खिडकी एकच, विहीर. कासूला घरी नळ आला आणि आमच्या विहिरीवर स्लॅब पडला. आता ती बुजवून पार्किंग करायचं चाललंय. तिच्यात असा मासा असेलच असं नाही. पण आजवर कुणी बघितलंच नाहीये. बाबांना म्हटलंय, स्लॅब काढून जाळी टाकू. गाडी रस्त्यावर राहील.