‘एक्स’च्या शोधात मुंबईला

मुलांनो, इंग्रजीच्या तक्त्यावर ‘एक्स’पुढे कसलं चित्र असतं? बरोबर, झायलोफोनचं! रंगीत पट्ट्या आणि वाजवायला दोन काठ्या. मी दरवर्षी दुसरीच्या मुलांना ते शिकवते. ‘झायलॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत लाकूड आणि ‘फोने’ म्हणजे आवाज, हेही सांगते.

एकदा शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, हा वाजतो कसा?” मी कपाटातलं खेळणं काढून टिंग टिंग वाजवलं. “असा!”

“पण बाई, हा तर पत्र्याचा आहे. लाकडाचा कुठाय?”

वर्ग हसला. मी म्हटलं, “बस खाली.” खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. एरवी कधी न बोलणारी ती पोर, त्यानंतर पुन्हा गप्प झाली. मला चैन पडेना.

मग एका शनिवारी कर्जतहून लोकल पकडली आणि तडक मुंबई गाठली. नरिमन पॉइंट ठाऊक आहे ना? समुद्रात भराव टाकून तयार केलेली जमीन. तिच्या टोकाला एनसीपीए ही कलासंस्था आहे. तिथल्या जमशेद भाभा नाट्यगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. हे नाट्यगृह १९९९ साली सुरू झालं. आत हजारावर खुर्च्या! मी सगळ्यात स्वस्त तिकीट काढून वर बसले. वरून सगळा रंगमंच दिसतो, हा फायदाच झाला.

पुढे व्हायोलिनवाले, मधे बासरी-सनईसारखी फुंकून वाजवायची वाद्यं आणि अगदी मागे, शेवटच्या रांगेत, तालवाद्यं. तांब्याच्या मोठ्या हंड्यांसारखे टिंपनी, भला मोठा ढोल, झांजा, त्रिकोणी ट्रँगल. ढोल, झांजा, ट्रँगल नुसता ताल नि ठसका देतात. टिंपनी मात्र सुरात लावतात. आणि झायलोफोनवर तर अख्खी चाल वाजते! म्हणजे रांग तालवाद्यांची, पण काम सुराचंही.

कामिय सँ-साँ या फ्रेंच संगीतकाराची १८७४ सालची एक रचना सुरू झाली. मध्यरात्री बाराचे ठोके पडतात आणि सांगाडे थडग्यांतून उठून नाचतात, अशी तिची कल्पना. झायलोफोनवाला कितीतरी वेळ हात बांधून उभा होता. ओठ तेवढे हलत होते, तो मात्रा मोजत होता. मग एकदम काठ्या उचलल्या आणि खट्-खटाखट्! कोरडा, टणक, लख्ख आवाज. सांगाड्यांची हाडंच जणू एकमेकांवर आपटत होती! एवढ्या व्हायोलिनांतूनही तो स्वच्छ ऐकू आला. थोडेच सूर, पण ते नसते तर सांगाडे नाचलेच नसते.

मध्यंतरात धीर करून रंगमंचापाशी गेले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तर त्या वादकानं हौसेनं सगळं सांगितलं. शिसवीसारख्या टणक लाकडाच्या ४४ पट्ट्या, साडेतीन सप्तकं. आपल्या पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारख्याच दोन ओळी. आखूड पट्टीचा सूर उंच, लांब पट्टीचा खाली. खालच्या बाजूनं लाकूड तासून सूर जुळवतात. प्रत्येक पट्टीखाली धातूची नळी असते, ती आवाज भरदार करते.

“आणि पत्र्याचा?” मी विचारलं. तो हसला. पोलादी पट्ट्यांचं वाद्य म्हणजे ग्लॉकनश्पील. माझ्या कपाटातलं खेळणं त्याच्या घरातलं निघालं!

परतीच्या गाडीत मला एक जुनी गोष्ट आठवत होती. मिखाएल गुसिकोव नावाचा एक वादक बासरी वाजवायचा. फुप्फुसं कमजोर झाली आणि बासरी सुटली. पण गडी खचला नाही. पेंढ्यांवर ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य त्यानं हाती घेतलं आणि युरोपभर गाजवलं. १८३६ साली मेंडेलसोनसारख्या थोर संगीतकारानंही त्याला वाखाणलं. पुढच्याच वर्षी तो वारला, पण त्याचं नाव राहिलं.

सोमवारी वर्गात गेल्या गेल्या म्हटलं, “तुझं बरोबर होतं गं. चुकलं माझंच.” ती लाजून हसली.

मग सुतारमेस्त्रींकडून सागाच्या आठ पट्ट्या आणल्या. आमच्याकडे भातशेती, पेंढ्याला काय तोटा! पेंढ्याच्या दोन जाड वेण्या वळल्या. पण पट्टी टेकवायची कुठे? त्यातच खरी गोम आहे, बरं का! पट्टी ३० सेंटिमीटर लांब असेल, तर दोन्ही टोकांपासून साधारण पावणेसात सेंटिमीटरवर. तिथं पट्टी जवळजवळ थरथरत नाही, म्हणून आवाज दबत नाही. भलतीकडे टेकवाल तर नुसतं ठक्क!

पहिला ठोका कुणी मारला, सांगायला नकोच. आता ती रोज एक तरी प्रश्न विचारते. कधी कधी मला उत्तर येत नाही. मग मी म्हणते, “चला, शोधू या!”

तुम्हीही दोन पट्ट्या घेऊन ठोकून बघा. आणि तुमच्या बाईंना एखादं उत्तर आलं नाही, तर हसू नका हं. प्रश्न मात्र विचारत राहा.