पोरगी काय म्हणाली?

सातारा आणि सांगलीतल्या तालमी, धनुर्विद्येची मैदानं, वेटलिफ्टिंगच्या व्यायामशाळा इथं आमचे तरुण समुपदेशक फिरतात. त्यांचं काम नीट चाललंय ना, हे बघायची जबाबदारी माझी. आठवड्यातून एकदा आम्ही सगळे कऱ्हाडला बसतो. दोन्हीकडच्यांना ते मध्ये पडतं.

ऑगस्ट 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला सतराव्या वर्षी कंपाउंड धनुर्विद्येत सीनियर जगज्जेती झाली. तेव्हापासून पोरांना घेऊन येणाऱ्या आईवडिलांचं एकच मागणं असतं, "एकाग्रता वाढवून द्या." मागणं रास्त आहे. कंपाउंडमध्ये 50 मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 8 सेंटिमीटरचं. दोरी ओढलेली, समोर पिवळं वर्तुळ दिसतंय, आणि बोट रिलीजचा खटका दाबायलाच तयार नाही. मग लक्ष्याचा कागदच काढून टाकायचा आणि अगदी जवळून, डोळे मिटून बाण सोडायला लावायचे. बोटाचा धाक हळूहळू जातो. नाशिकच्या भीष्मराज बामांनी नेमबाजांसोबत केलेल्या कामामुळे मनाचाही सराव असतो, हे महाराष्ट्रात पटवायला फार वेळ लागत नाही. पण ज्या पोराची झोप उडालीय, जे जेवत नाही, "मेलेलं बरं" म्हणतं, त्याला श्वासाचे व्यायाम देऊन परत पाठवायचं नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं, आणि तेही त्याच दिवशी. आमच्याकडे रुजू होणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगते.

मार्च 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा जिंकली, आणि तालमीत पोरी वाढल्या. त्यातली एक, दहावीतली. 53 किलोची पोरगी 49 च्या गटात उतरवायची होती. भर उन्हात जाड जॅकेट घालून पळायची आणि हातातल्या बाटलीत थुंकत राहायची, तेवढंच वजन कमी. आमच्या समुपदेशक मुलीशी ती बोलली. दुसऱ्या दिवशी वस्तादांचा मला फोन.

"मॅडम, पोरगी काय म्हणाली तेवढं सांगा. मी तिच्या बापाच्या जागी आहे."

त्यांची तळमळ खरी होती. त्या पोरीच्या खुराकाला ते पदरचे पैसे घालत होते. तरीही मी सांगितलं नाही. ती काय म्हणाली ते तिचं. तिला विचारून, तिच्या संमतीनं एवढंच कळवलं की सध्या वजन उतरवायचं नाही, गट वरचा घ्यायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. वस्ताद चार दिवस बोलले नाहीत. मग गट बदलला.

तेव्हापासून खेळाडू, पालक आणि प्रशिक्षक तिघांच्याही सह्यांचा एक कागद आधीच करून घेतो. प्रशिक्षकाला काय करायचं ते कळेल, खेळाडू काय बोलला ते कळणार नाही. जिवाला धोका दिसला, कुणी अत्याचार करत असेल, तरच हे गुपित फोडायचं. ते कुणाला सांगायचं हेही त्यात लिहिलेलं असतं.

वेटलिफ्टिंगकडे वेगळं बघावं लागतं. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचं सुवर्ण 1 किलोनं हुकलं. कोपर दुखावलेलं असताना तो पुन्हा बारबेलपाशी उभा राहिला. त्या जिद्दीपुढं मी नतमस्तक आहे. पण इथली लहान पोरं त्यातून दुखणं लपवायला शिकतात. म्हणून दुखापतीनं दोन आठवड्यांवर बाहेर बसलेल्या प्रत्येकाला आम्हीच फोन करतो. कुणी पाठवायची वाट बघत नाही. मैदानावरच्या घोळक्यातून बाजूला पडलेलं पोर घरी नुसतं मोबाइल बघत असतं, आणि विचारलं तर सांगतं, "काय नाय, बरंय."

आमच्या समुपदेशक मुलामुलींनाही सांभाळावं लागतं. दिवसभर ऐकलेलं घेऊन एकट्यानं घरी जायचं नाही, कऱ्हाडच्या बैठकीत ते मांडायचं, हा नियम आहे. तिथं खेळाडूचं नाव घ्यायचं नाही.

खेळाडूंच्या निवडीच्या बैठकीत तर आमच्यापैकी कुणीही बसत नाही. एका संस्थेनं निवडीच्या फॉर्मवर 'मानसिक कणखरपणा' असा रकाना करून गुण मागितले. एकदा आम्ही गुण दिले असते, तर पुढं तिथलं एकही पोर खरं बोललं नसतं. नकार दिला, काम गेलं. तिथली दोन पोरं अजून एसटीनं कऱ्हाडला येतात. तिकिटाचे पैसे आम्ही देतो.