'गो'चे 'वेंट' आणि आपल्या मनातली भीती



एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षी मी वर्गात इंग्रजीतून पेपर वाचला. विषय होता स्थलांतरित मजूर. एका वाक्यात 'ही गोज'ऐवजी 'ही गो' म्हणाले आणि मागून हसू आले. नंतर मजुरांबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्या वर्षी मी पुन्हा वर्गात इंग्रजीतून तोंड उघडले नाही.

आज वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग घेते. परवा दहावीतल्या एका मुलीने वही मिटली. "ताई, 'गो'चे 'वेंट' कसे होते? नियमच नाही. हे आपल्याला जमणार नाही."

मी विचारले, "मग 'जा'चे 'गेला' कसे होते?"

ती गप्प झाली, मग हसली. 'जा' आणि 'गेला' ही रूपे दोन वेगळ्या धातूंची. इंग्रजीतही तेच घडले. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप. ते 'गो'ला येऊन चिकटले.

मग फळ्यावर हिशेब मांडला. इंग्रजीत शब्दाला होणारे असे विकार साधारण 8 प्रकारचे. नामाला दोन: अनेकवचन आणि मालकी. क्रियापदाला चार: 'ही-शी-इट'सोबतचा 'एस', भूतकाळ, 'आयएनजी' आणि 'हॅव'नंतरचे रूप. विशेषणाला दोन: 'टॉलर', 'टॉलेस्ट'. संपले! आता आपले 'घर' घ्या: घराला, घराने, घरात, घरातून, घराचा, घरांना... दोन मिनिटांत तिने आठाच्या वर रूपे सांगितली. वंदनेत ती रोज 'बुद्धं' आणि 'बुद्धस्स' म्हणते, तेही एकाच शब्दाचे विकार. मग जमणार नाही ते काय?

आता त्या 'एस'बद्दल. 'ही गो' म्हटल्याने अर्थ बुडत नाही, कारण कोण जातो ते 'ही'ने आधीच सांगितलेले असते. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या पारंपरिक बोलीतही हा 'एस' लावत नाहीत. म्हणजे हसणारे आपल्या विचाराला हसत नव्हते, तर आपण कुठून आलो त्याला हसत होते. 'आनी-पानी' म्हणणाऱ्याला हसतात, ते याच कारणाने.

म्हणून 'एस' सोडून द्यायचा का? मुळीच नाही. परीक्षेत आणि मुलाखतीत त्याचे गुण जातात. शिकायचा, पण लाजून नाही, हक्काने. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे त्याच बाबासाहेबांनी पाली व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या 16व्या खंडात ते आज वाचता येते. व्याकरण ही कुणाच्या बापाची जहागीर नाही.

तेव्हा अडलेल्या शब्दाचे मूळ रूप ओळखा. 'स्टडीज' अडला तर शब्दकोशात 'स्टडी' पाहा, 'वेंट' अडला तर 'गो'. अनियमित रूपे रोज पाच घ्या आणि प्रत्येकाचे स्वतःच्या जगण्यातले एक वाक्य करा. त्या मुलीचे पहिले वाक्य होते: 'माय मदर वेंट टू वर्क.'

वाक्य बिनचूक होते. आई खरंच कामाला गेली होती.

जय भीम!